पाळी चुकली तर कोणाला दाखवायचं?

मंडळी, खरं सांगा. कामगारांच्या आरोग्यावरचं ते पुस्तक, ज्याची आपल्या ग्रुपवर इतकी वाहवा चाललीय, ते तुमच्यापैकी कोणी वाचलंय का?

तुमच्या शिफारशीवरून मी ते धाकट्या भावाला घेऊन दिलं. तो वरंधला राहतो, एमआयडीसीत शिफ्टला असतो. आज सकाळी रात्रपाळी सुटल्यावर पुस्तक घेऊन तो थेट महाडला माझ्या घरी आला.

"ताई, ह्यात कायतरी घोळ हाय. वाच."

प्रकरणाचं नाव होतं 'रात्रपाळी आणि झोप'. त्यात लिहिलेलं, "पाळी चुकल्यास घाबरू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा."

"आमच्याकडं पाळी चुकली तर सुपरवायझरला तोंड दाखवावं लागतं," भाऊ म्हणाला. पोट धरून हसलो दोघं.

मग मात्र मला संशय आला. मागच्या पानावर लेखक डॉक्टरांचा गुळगुळीत फोटो आहे, पण गाव नाही, दवाखाना नाही. हे माणसाने लिहिलंय की यंत्राकडून लिहून घेतलंय?

"पण पुढचं बरं हाय," भाऊ म्हणाला. "श्वासाचा व्यायाम केला की बीपीची गोळी लागत नाय. मी बंद केलीय."

चहा तसाच टाकून त्याला त्याच्या डॉक्टरांकडे नेलं. बीपी चांगलंच चढलेलं. गोळी पुन्हा सुरू झाली.

'अप्रतिम', 'संग्रही हवंच' असं लिहिणाऱ्यांनो, निदान एक पान तरी उघडलं होतंत का? आणि ज्याने कोणी हे लिहिलं, त्याला जन्मात कधी पाळी आली होती का? कारखान्यातली म्हणा, नाहीतर दुसरी.