पोटावरच्या सुईचा वहीम

आमच्या यांचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली, आणि मला वाटलं, सुटलो. पण घरी सोडताना डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. रोज एक, पोटावर, महिनाभर. पायात रक्ताची गुठळी होऊन ती छातीत जाऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायचं म्हणे. मला काही ते पटलं नाही. ज्याचं आतडं नुकतं कापून शिवलंय, त्याचंच रक्त पातळ करायचं?

सुई द्यायला आमच्या आळीतलीच सिस्टर यायची. हसरी, हलक्या हाताची. तरी पोटावर निळेकाळे डाग उठले. मी रोज निरखून बघायची, कालच्यापेक्षा पसरलेत का. ती म्हणायची, "काकू, होतात असे डाग. चोळू नका फक्त." वर होतात ते दिसतात गो, आत होत असतील तर कोणाला दिसणार?

आणि एका सकाळी यांनी संडासातून हाक मारली, "अगो, जरा ये बघू." बघते तर काळंकुट्ट, डांबरासारखं. सिस्टर आल्याबरोबर मी दारातच सांगितलं, "आजपासून सुई बंद!" मला वाटलं, वाद घालील. ती म्हणाली, "मीही देणार नाही आज. आत रक्त जात असेल. काकू, रिक्षा बोलवा."

डॉक्टरांनी यांना विचारलं, "दुसरं काय घेता?"

"काही नाही."

"गुडघ्याचं, पाठीचं, कोणी दिलेलं?"

हे पंख्याकडे बघायला लागले. चोरून लाडू खाल्ला की हे असेच वर बघतात. मी म्हटलं, "अहो, पंखा काय सांगणार? तुम्ही बोला!"

मग निघालं. चालायला सांगितलंय म्हणून हे संध्याकाळी मांडवीला समुद्रावर जायचे. तिथे बसणारे म्हातारे एकमेकांना गोळ्या अशा देतात, जसं आम्ही बायका विरजण देतो. गुडघा दुखतो म्हटल्यावर एकाने आपली गोळी दिली, गुण आला, मग रोजचीच झाली. "दुखण्याची होती गो, रक्ताची कुठे होती?" हे मलाच सांगतात!

डॉक्टर म्हणाले, त्या गोळ्यांनी जठरात जखम होते, आणि सुईमुळे रक्त लवकर थांबत नाही. दुर्बीण घालून बघितलं, तर जखम जठरातच होती. आतड्याची शिवण शाबूत. दाखल करून घेतलं, सुई थांबवली.

आता मला सुखाने बसता यायला हवं होतं ना? छे. सुई नाही, म्हणजे गुठळी आलीच. मी यांच्या दोन्ही पोटऱ्या हाताने चाचपून बघायची, एक सुजली तर नाही? नर्स चालायला उठवायची, तर ती नीट चालवते की नाही याचाही मला संशय.

रक्त थांबल्याची खात्री झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "सुई पुन्हा सुरू करू."

"धोका नाही ना?"

"आहे. दिली तरी आहे, नाही दिली तरी आहे. पण आता गुठळीचा जास्त वाटतो."

काही होणार नाही असं म्हणाले असते, तर मी यांना उचलून घरी आणलं असतं. धोका आहे म्हणाले, म्हणून मी "द्या" म्हटलं.

घरी आल्यावर सिस्टर सुई घेऊन आली, हे शर्ट वर करायला लागले.

"थांबा," मी म्हटलं, "आधी खिसे दाखवा."