ड्रायव्हरच्या सीटखालचं पाणी

पावसाळ्यात संध्याकाळी साडेसहा वाजले की मी अयोध्या नगरातल्या आमच्या घराच्या फाटकाशी जाऊन उभा राहतो. बायको हसते. ''तुम्ही उभे राहिलात म्हणून ती लवकर येणार आहे का?'' म्हणते. नाही येणार, मला कळतं. पण मुलगी नोकरीला शहराबाहेर मंडीदीपला, येताना अख्खा बायपास ट्रकांच्या रांगेतून येते, आणि येते ती माझ्या सोळा वर्षं जुन्या गाडीतून. त्यात गेल्या पावसाळ्यात गाडीत पाणी शिरायला लागलं.

आधी वास आला, ओल्या गोणपाटासारखा. मग ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट दाबलं की बोटांभोवती पाणी वर यायला लागलं. माझ्या डोक्यात एकच चित्र फिरायचं. पाणी वायरिंगमध्ये गेलंय, गाडी ग्यारह मील चौकाच्या अलीकडे रस्त्यात बंद पडलीय आणि मागून ट्रक येतोय. हे मी कुणाला बोललो नाही. बोललं की खरं होतं, असं मला उगीचच वाटतं. त्याऐवजी मी मुलीवर चिडायचो. दार नीट लावत नाहीस, ओली छत्री तशीच आत टाकतेस. ती बिचारी ''बाबा, टेन्शन नका ना घेऊ,'' म्हणून निघून जायची.

खरं तर गळती शोधण्यातच माझा जन्म गेला. इथल्या एका मोठ्या कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. टाक्यांत दाबाने पाणी भरायचं आणि कुठे थेंब फुटतो का ते बघायचं, हे माझं काम. माझी सही झाल्याशिवाय माल बाहेर जात नसे. अशा माणसाने गाडीत पाणी येतं म्हणून मिस्त्री गाठायचा? मला ते कमीपणाचं वाटलं. मी स्वतःच दारांची रबरं बदलली, पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉन भरलं. कार्पेटवर वर्तमानपत्रं पसरली आणि त्यावर जाड रबरी मॅट टाकली. रोज सकाळी मॅटवरून हात फिरवायचा आणि मुलीला सांगायचं, ''ठीक आहे, ने.''

पाणी काही थांबेना. शेवटी एका शनिवारी मुलीला कंपनीच्या बसने पाठवलं आणि बायपासकडेच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला घरी बोलावलं. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. बायकोला टॉर्च देऊन गाडीत बसवलं आणि मी पाइप घेऊन थेट टपावर पाणी सोडलं. त्याने माझा हात धरला.

''ऊपर से नहीं साहब, नीचे से शुरू करो. सब एक साथ गीला कर दोगे तो पता क्या चलेगा?''

हेच मी वर्षानुवर्षं नव्या पोरांना शिकवत आलो होतो. भीतीपुढे माझी अक्कल अशी चरायला गेली होती.

खालून सुरुवात केली. दारातून काही नाही. काचेच्या कडेतूनही नाही. वायपरखालच्या जाळीवर पाणी सोडलं आणि आतून बायको ओरडली, ''आलं! इथे, ब्रेकच्या मागून येतंय!'' मिस्त्रीने जाळी काढली. खाली कडुनिंबाची पानं कुजून नुसता काळा चिखल झाला होता. पाणी खाली उतरायचं भोक त्या चिखलाने पार बुजलं होतं, त्यामुळे तुंबलेलं पाणी आत वाट काढत होतं. मिस्त्रीने वाकड्या तारेने भोक मोकळं केलं, तसं पाणी गडगडत चाकाजवळ पडलं. पुन्हा पाइप सोडला, आत थेंब नाही. माझा जीव भांड्यात पडला. मी बायकोला म्हटलं, चहा टाक, मी पोहे-जिलेबी घेऊन येतो.

मिस्त्री मात्र सामान आवरेना. ''साहब, जो पानी महीनों से अंदर बैठा है, उसका क्या? सीट खोलके कारपेट उठाना पड़ेगा.''

सीटचे पुढचे दोन बोल्ट जोर लावून निघाले. मागच्या पहिल्याला पाना लावला तर तो जोर न लावताच फिरला, आणि भोवतालच्या पत्र्यासकट हातात आला. दुसराही तसाच. त्याने कार्पेट उचललं. माझ्या मॅटने आणि वर्तमानपत्रांनी ओल खाली छान जपून ठेवली होती. त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो पत्र्यातून आरपार गेला. तिथून मला आमच्या पोर्चची फरशी दिसली.

''बिटिया चलाती है ना इसको?'' एवढंच त्याने विचारलं.

मी पायरीवर बसलो. सीट-बेल्ट अडकवायचं बक्कल त्याच सीटला होतं. मी मागून येणाऱ्या ट्रकला भीत बसलो होतो, आणि इकडे नुसता करकचून ब्रेक मारला असता तरी सीट तिच्यासकट उखडून पुढे गेली असती. दोन आठवड्यांपूर्वी ती म्हणाली होती, ब्रेक मारला की खाली कट्‌ असा आवाज येतो. मी न उठताच सांगितलं होतं, सीट नीट अडकवत नसशील. पोहे-जिलेबी राहूनच गेली.

गाडी तशीच ओढून वेल्डिंगला नेली. संध्याकाळी मुलगी आली तेव्हा बायकोने माझ्याकडे बघितलं. गळती सापडली, एवढंच सांगून भागलं असतं. मोह झालाही. पण मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं, ते दोन बोल्टही दाखवले.

तिने त्यातला एक बोल्ट उचलून बघितला. मग म्हणाली, ''बाबा, सीट हलत होती. मला रोज कळत होतं. पण तुम्ही ठीक आहे म्हणालात ना, तर मला वाटलं माझाच वहम असेल.''

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

आता गाडीला नवा पत्रा आहे. पावसात थेंबभर पाणी आत येत नाही. सकाळी ती किल्ली हातात घेऊन विचारते, ''बाबा, नेऊ ना?'' आणि तिच्या त्या विचारण्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.