आमच्या साडूंचे नावडते

आमच्या साडूंइतका मन लावून नापसंती जपणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडायचा नाही. ही नापसंती माणसांसाठी नसते. शेजाऱ्याची म्हैस वांग्यांत शिरली तर ते शेजाऱ्याला चहा पाजून म्हैस परत करतात. त्यांचा सगळा राग लहान मुलांच्या एका कार्टूनमधल्या जनावरांवर आहे. जंगलातल्या एका गावाची ती मालिका त्यांची मुलगी शाळेत असताना सुरू झाली. आता त्या मुलीचा मुलगा शाळेत जातो, आणि मालिका अजून चालूच आहे. मुलगी मोठी झाली तशी ती बघायची थांबली. साडू थांबले नाहीत.

रिसोडच्या बाहेर त्यांचा भाजीचा मळा आहे. पहाटे वांगी, टमाटे आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, बाजारात पोहोचवून ते नऊपर्यंत घरी येतात, अंघोळ करतात आणि ताट घेऊन टीव्हीसमोर बसतात. लोक आवडतं पात्र बघायला बसतात, हे नावडतं बघायला. तुम्हाला त्यातलं आवडतं कोण, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "चांगले त चांगलेच राह्यतेत. त्याच्यात पाह्याचं काय?"

नावडत्यांचा मात्र त्यांच्याकडे क्रम लागलेला आहे, आणि तो ते उगाच बदलत नाहीत. पाचव्या नंबरवर सरपंच मोर, कारण तो गावाचं संकट ऐकताना स्वतःची पिसं बघतो. चौथा कावळा, त्याची फळांची गाडी आहे, पण इतक्या वर्षांत त्याच्या हातात एकदाही तराजू दिसला नाही, आणि भाजी विकणाऱ्या माणसाला हे सहन होत नाही. तिसरी खार. "मेहनत येका दिवसाची, अन् सांगन महिनाभर," असं तिच्याबद्दल त्यांचं मत. ही खार पुष्कळ नंतर मालिकेत आली, म्हणून तिच्यावर राग जरा जास्तच. एकदा आठवडी बाजारात एका बाईसोबत तिची चिमुरडी होती आणि तिच्या फ्रॉकवर ही खार छापलेली होती. साडूंनी अर्धा किलो वांगी तोलता तोलता त्या पोरीला खारीचे सगळे दुर्गुण समजावून सांगितले. पोरगी रडायला लागली आणि बाई वांगी न घेताच निघून गेली. साडूंना त्याचं वाईट वाटलं, पण खारीबद्दलचं एकही विधान त्यांनी मागे घेतलं नाही. दुसऱ्या नंबरवर तर खुद्द नायक, अस्वलाचं पिल्लू. ते रोज चूक करतं, रोज शेवटी माफी मागतं, सगळे त्याला मिठी मारतात. "माफी फुकट भेटते म्हून माजलं ते," साडू म्हणतात. नातवाच्या वाढदिवसाला केकवर हेच अस्वल आलं, तेव्हा त्यांनी नातवाची परवानगी काढून पहिला तुकडा कानाचा कापला.

आणि पहिल्या नंबरवर कासव. मालिकेत सगळे त्याला शहाणं समजतात. साडूंचं म्हणणं असं, की चूक कोणाची हे त्याला पहिल्या मिनिटापासून ठाऊक असतं, पण भांडण पेटलं की ते मान आत घेतं. कासव दिसलं की साडू जेवायचे थांबतात. अशा वेळी मी कपाकडे बघत चहा पीत असे.

याचं कारण मी सात वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. साडूंचे वडील लवकर गेले. त्यांना जऊळक्याच्या काकांनी वाढवलं, वाफे बांधायला शिकवलं. साडूंच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा काकांची पत्रिका माझ्याकडे दिली होती. आमच्याकडे वडीलधाऱ्याला पत्रिका घरी जाऊन, कुंकू-अक्षता लावून द्यावी लागते. फोनवरच्या बोलावण्याला कुणी बोलावणं म्हणत नाही. मी वाशीमला कचेरीत आहे, मला जऊळकं जवळ. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. मध्ये साडूंनी विचारलं, तेव्हा उद्या जायचंच आहे म्हणून "देली" असं सांगून टाकलं. मग विसरलो. लग्नानंतर पत्रिका बॅगेत सापडली. काका लग्नाला आले नाहीत. पत्रिका आलीच नाही, असं ते सगळ्यांना सांगू लागले, आणि साडू म्हणू लागले, की माझ्या साडभाऊनं स्वतः नेऊन दिली, काका खोटं बोलतात. दोघांचं बोलणं बंद झालं. मी दोघांचंही ऐकून घेत असे.

यंदा उन्हाळ्यात एका रविवारी मी रिसोडला गेलो होतो. टीव्हीवर कासव बोललं नाही म्हणून बदकाला गाव सोडावं लागत होतं. साडू कासवाला नावं ठेवत होते, तेवढ्यात आतून मेहुणीबाई म्हणाल्या, की जऊळक्याचे काका आता खाटेवरून उठत नाहीत. साडूंनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग मी सांगितलं. सगळं, बॅगेसकट.

ते चिडतील असं वाटलं होतं. ते भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. तो ताटात ठेवून म्हणाले, "म्हंजे काका खरं बोलून राह्यले होते." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुह्या तोंडानं सांग त्याईले. मले आता तेथी जायाची लाज वाटते."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून जऊळक्याला गेलो. काका खाटेवर होते. मी सांगत होतो तोवर ते छताकडे बघत होते. माझं संपल्यावर वाटलं, आता हाकलतील. त्यांनी विचारलं, "जेवाले काय होतं?"

वरण, पोळी, बुंदी, वांग्याची भाजी, मी आठवून सांगितलं. कोणकोण आलं होतं तेही त्यांनी एकेकाचं नाव घेऊन विचारलं.

"वांगे घरचेच?"

"घरचेच. साडभाऊच्या मळ्यातले."

"कोनते? काटेरी का?"

ते मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

"मंग त्यालेच धाड सांगाले," काका म्हणाले आणि कुशीवर वळले.

स्टेशनवर येऊन मी साडूंना फोन लावला. काका काय म्हणाले ते सांगितलं, वांग्यांचंही सांगितलं. साडू हळू म्हणाले, "काटेरीच होते. बी त्याईनंच देलं होतं."

यानंतर ते काही बोलले नाहीत, पण फोनही ठेवला नाही. मीही कानाला धरून उभा राहिलो.