उजव्या कोपऱ्यातलं नाव

लवू परबाच्या मालकीचे अकरा बंगले होते आणि ते सगळे पलंगाखाली होते. नाहूरच्या दीड खोलीत ते दुसरीकडे मावणार तरी कुठे? विलायतेतल्या जमीनदारांची दोनशे वर्षांपूर्वीची घरं ती. समोर हिरवळ, बाजूला तळं, हरणं मोकळी फिरताहेत. सगळी कागदावर छापलेली, वरून हातानं रंगवलेली. पत्र्याच्या पेटीत, मध्ये बटर पेपर घालून लवूनं ती जपली होती. त्या छपाईला ॲक्वाटिंट म्हणतात, हे त्यानं शेजारपाजाऱ्यांना अनेकदा सांगून पाहिलं होतं. कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

"हय माणसांका पाय पसरूक जागा नाय, आणि तुमी पेटयेत बंगले भरून ठेवलास!" शेवंती म्हणायची. पण पेटीवरची धूळ रोज तीच पुसायची.

खरं सांगायचं तर लवूला बंगल्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यानं चौतीस वर्षं छपाईचे ब्लॉक बनवले होते. जस्ताच्या पत्र्यावर राळेची लाल पूड मारायची, पत्रा तापवायचा, ॲसिडमध्ये सोडायचा, आणि ॲसिडनं नेमकं किती खाल्लं की बाहेर ओढायचा, हे डोळ्यानंच ओळखायचं. औषधांच्या डब्या, शाळेची पुस्तकं, लग्नपत्रिका, सगळीकडे त्याच्या हातचं काम गेलं. नाव मात्र कुठंच नाही. नाव प्रेसचं, फार तर चित्रकाराचं. ब्लॉकवाल्याचं नाव कोण कशाला छापतोय! पुढे ऑफसेट आलं आणि ब्लॉकचं खातंच बंद झालं.

मग एकदा मुलुंडच्या रद्दीवाल्याकडे, जुन्या कॅलेंडरांच्या गठ्ठ्यात, पहिला बंगला सापडला. लवूनं सवयीनं खिशातलं भिंग काढलं. आभाळाला छापील फोटोत असतात तसे ठिपके नव्हते, बारीक दाणा होता. राळेचा दाणा! हे ॲसिडनं खाल्लेलं काम आहे, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. आणि चित्राखालच्या कोऱ्या पट्टीवर मुंगीएवढ्या अक्षरात दोन नावं होती. डाव्या कोपऱ्यात चित्रकार, उजव्या कोपऱ्यात छपाईचा तांब्याचा पत्रा करणारा. दोघांची अक्षरं सारख्याच आकाराची. लवूला भर दुकानात रडू आलं.

पुढच्या वीसेक वर्षांत दहा आणखी मिळाले. सगळ्यांत सरस काम डनफर्ड नावाच्या पत्रा करणाऱ्याचं. त्याचा एकच बंगला लवूकडे होता, संध्याकाळचा. आभाळ सात वेळा ॲसिडमध्ये बुडवून केलेलं, लवूनं छटांवरून मोजलं होतं. तो कागद हातात धरला की लवू आधी उजवा कोपरा बघायचा, मग बंगला.

यंदा लवूची पंचाहत्तरी झाली. सून जान्हवी अंधेरीला नोकरी करते, हौशी पोरगी. तिनं गुपचूप पेटी उघडली आणि बाबा जो कागद सगळ्यांत जास्त वेळ बघत बसतात तोच निवडून फ्रेम करून आणला. केक कापून झाल्यावर भेटीवरचं वेष्टन फाडलं तर सोनेरी चौकटीत संध्याकाळ झगमगत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

लवूनं उजवा कोपरा बघितला. कोपरा नव्हता. काच जिथं संपत होती तिथं हिरवळ संपत होती. खालची अख्खी पट्टी कापून टाकली होती.

"फ्रेम बरी झाली," तो म्हणाला आणि गच्चीवर जाऊन बसला. राग आला होता, पण पोरीनं जीव लावून केलेल्या कामावर रागावणार कसं? तीन दिवस तो नीट जेवला नाही. शेवटी शेवंतीनंच सुनेला बाजूला घेतलं. "अगो, त्येंचो जीव त्या नावात होतो."

जान्हवीचा चेहरा पडला. ती तडक लवूकडे गेली. "बाबा, मला वाटलं ती पट्टी नुसती पांढरी आहे. मला एकदा सांगायचं ना!" दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती त्याला घेऊन फ्रेमवाल्याकडे गेली.

दशरथचं दुकान भांडुपला, स्टेशनजवळ. देवांचे आणि गेलेल्या माणसांचे फोटो मढवण्यात त्याची हयात गेली. त्याला यात आपलं काही चुकलंय असं वाटेचना. "काका, कडा कापल्याशिवाय फोटो भरत नाय. सगळ्यांचंच कापतो."

"ती पट्टी कुठाय?"

"ती? झकास कागद होता यार, कापसाचा, जाड. असा टाकतो काय मी? पॅकिंगला वापरला." काच चौकटीत सैल बसली की वाजते, म्हणून तो मागून कागदाची घडी दाबून बसवत असे. त्याच दिवशी भांडुपच्या टेकडीवरच्या एका घरचा फोटो होता, बाराव्याला हवा होता. घडी त्याच्यात गेली. "जाऊन माझं नाव सांगा. चार खिळे उचकटायचे, दोन मिनिटांचं काम."

लवूला एकदम हलकं वाटलं. आहे! नाव शाबूत आहे! गुडघे दुखत असतानाही तो टेकडीच्या पायऱ्या जान्हवीच्या पुढे चढला.

घर एका खोलीचं होतं. गेलेल्याच्या बायकोनं, सुगंधाबाईंनी, ओळख न विचारता दोघांना बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं. भेटायला माणसं येतच होती, त्यातलीच ही दोन. भिंतीवर हार घातलेला फोटो. पन्नाशीचा, विंचरलेल्या केसांचा माणूस.

"गवंडी होते आमचे हे," बाई म्हणाल्या. "खाली नाहूरला ते मोठे टॉवर झाले ना, त्यातल्या दोन टॉवरांचं प्लास्टर ह्यांच्या हातचं. आता कोणाला दाखवायला जाणार? वॉचमन आत सोडत नाही."

लवूनं मान हलवली. जान्हवीच पुढे झाली. "मावशी, आम्ही दशरथकाकांच्या दुकानातून..."

"त्यांनी पाठवलं? भला माणूस." बाई उठल्या, हार बाजूला करून त्यांनी फोटो उतरवला आणि सरळ लवूच्या हातात दिला. "हलवून बघा. खालच्या रस्त्यावरून ट्रक गेला की आमची भांडी वाजतात. पण ह्यांची काच बघा, जरा वाजत नाही. शांत बसलेत."

लवूनं फोटो हलवला. काच वाजली नाही. मागे चार खिळे होते, नखानंसुद्धा निघाले असते. बोटाखाली पुठ्ठ्याच्या कडेला घडीचा उंचवटा लागत होता. जान्हवी त्याच्याकडे बघत होती. त्यानं अंगठा खिळ्यावर ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, मग काढून घेतला.

उठून त्यानं फोटो स्वतः भिंतीवर लावला, सरळ केला, हार नीट केला आणि हात जोडले.

"चांगला बसलाय," तो म्हणाला. "आता कधी उघडू नका."

अर्ध्या पायऱ्या उतरल्यावर जान्हवीनं त्याचा दंड धरला.

"बाबा, त्या पट्टीवरचं नाव काय होतं?"

लवू थांबला. वीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं नाव सांगितलं. तिनं परत विचारलं, त्यानं परत सांगितलं, आणि मग राळ, तांबं, सात वेळा बुडवलेलं आभाळ, सगळंच सांगत सुटला. नाहूरला पोचले तरी त्याचं संपलं नव्हतं, आणि तीही त्याला थांबवत नव्हती.