काका रोह्याला पोचले

काका पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचे. मूर्ती कुणीही रंगवो, आखणी काकांचीच. त्यांच्या शेवटच्या हंगामात मालकाने मूर्तींना क्यूआर कोड लावायला घेतले. मोबाइल धरला की माती कुठली, आखणी कुणाची, सगळं दिसायचं. 'ब्लॉकचेन हाय. एकदा लिवलेलं कुणाला खोडता येत नाय,' मालक सांगायचा. रोह्याला घरी परतल्यावर मी हे चार लोकांना समजावलं. मला स्वतःला समजलं नव्हतं, पण त्याने कधी माझं अडलेलं नाही.

आमचा गणपतीचा पाट वर्षभर काकांकडेच असे. आमच्या मूर्तीचा कोड ओल्या मातीला चिकटेना, म्हणून त्यांनी तो पाटाच्या कडेला चिकटवला. आमच्या मूर्तीचे डोळे आखून झाले आणि होळीआधी काका गेले. भाद्रपदात पाटावर बसून मूर्ती आली. मी मोबाइल धरला. अ‍ॅपने लोकेशन मागितलं, दिलं. कॉन्टॅक्ट मागितले, तेही दिले, जावयाने मागितल्यासारखे. पडद्यावर आलं: 'आखणी', आणि पुढे काकांचं नाव. त्या दिवशी मी अख्खी आरती समईकडे बघत म्हटली.

मग पेणच्या रामवाडीहून काकूचा फोन. "ह्यांचा मोबाइल वाजला रे. तुमची मूर्ती रोह्याला पाहिली, असं आलंय. पोचले म्हणायचे."

काकू तो मोबाइल अजून रोज चार्ज करते, हे मला तेव्हा कळलं.

मूर्ती कुंडलिका नदीत गेली, पाट घरी राहिला. आता तो द्यायचा तरी कुणाकडे? रोज दिवेलागणीला मी पाट समोर घेऊन त्यावर मोबाइल धरू लागलो.

लेकीने पकडलं. "बाबा, वडखळला वडा खाल्लात तेही तुमच्या मोबाइलला माहीत आहे. कुणालाही काय परवानग्या देता?" तिने सगळं बंद केलं.

संध्याकाळी काकूचा फोन. मी स्पीकरवर टाकला. "आज आले नाय रे. नाव खोडलं काय कुणी?"

"नाय काकू, ते खोडता येत नाय."

"मग रागावले काय?"

माझ्या हातातून मोबाइल घेऊन लेकीने लोकेशन तेवढं चालू केलं आणि पाटावर धरला. क्षणभराने रामवाडीच्या घरात काकांचा मोबाइल वाजलेला आम्हाला ऐकू आला.

"बसा, पाणी देते," काकू म्हणाली. आमच्याशी नाही.