शिरीषचा न दिसणारा मासा

मासे पाळणारे चार जण एकत्र आले की किस्से टाकीतल्या शेवाळासारखे वाढतात. कितीही घासा, आठवड्यात परत हजर! फुलपाड्यातल्या आमच्या ग्रुपचे निम्मे किस्से तर एकट्या शिरीषच्या माशाचे आहेत.

मिस्ड कॉल देण्याचे दिवस होते ते. शिरीषने लायोप्रोपोमा आणला. बोटाएवढा मासा, अंगावर लाल-पिवळे पट्टे, खोल समुद्रातल्या खडकांच्या कपारीत राहणारा. टाकीत सोडला, तो सरळ दगडाच्या भोकात घुसला. झालं! त्यानंतर कोणाला दिसेल तर शपथ!

*

टाकीला समुद्राचं पाणी हवं म्हणून आम्ही स्कूटरवर कॅन बांधून अर्नाळ्याला गेलो. किनाऱ्यावर मासे सुकवणारी मावशी बराच वेळ बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "अरे पोरांनो, पानी काय नेता? म्हावरं घ्या ना!"

*

खोल पाण्यातला मासा, त्याला गारवा हवा. मे महिन्यात शिरीषने टेबलफॅन टाकीवर लावला. त्याची बायको, म्हणजे आमच्या मेधावहिनी, पदराने वारा घेत म्हणाल्या, "पंखा माशाला आणि घाम आम्हाला!"

*

शिरीषचे मामा चिपळूणहून आले. शिरीषने त्यांना टाकीसमोर बसवून माशाचं तासभर कौतुक ऐकवलं. मामा उठताना म्हणाले, "दगड मात्र छान आहे हो!"

*

दर रविवारी आम्ही टॉर्च घेऊन त्या भोकात डोकावायचो. काही नाही. शेवटी शिरीष खचला. "गेला असणार रे. किती हौसेने आणला होता!" आम्हालाही वाईट वाटलं. टाकी रिकामी करायचं ठरलं.

त्या रविवारी दुपारी आम्ही बादल्या आणि पाइप घेऊन पोहोचलो. एवढ्यात वहिनी वाटी घेऊन बाहेर आल्या. "थांबा जरा. लाइट जाऊ दे."

लोडशेडिंगची वेळ झाली, लाइट गेली. वहिनींनी पडदे ओढले, काचेवर टकटक केली आणि म्हणाल्या, "या हो!"

दगडातून आधी तोंड आलं, मग पट्टे. पठ्ठ्या वर आला आणि वहिनींच्या बोटांतून कोळंबीचा तुकडा घेऊन गेला!

शिरीषने हातातला पाइप खाली टाकला. "हे... हे कधीपासून?"

"रोज येतो, लाइट गेली की."

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

वहिनींनी दुसरा तुकडा उचलला.

"अहो, या घरात हाक मारल्यावर बाहेर येणारा एवढा एकच आहे. तोही तुम्हाला देऊ?"