दोन हातांचा खड्डा

नागपूरहून मी उमरेडची एसटी पकडली, तेव्हा कोळशाच्या खाणी सरकारी होऊन चार-पाच वर्षं झाली होती. माझा कॉलेजमित्र वसंता तिकडच्या एका उघड्या खाणीवर इंजिनिअर होता. खाणीसाठी उठवलेल्या एका गावाला बांधून दिलेली वसाहत बघून मी आमच्या पुण्याच्या साप्ताहिकात लिहावं, असं त्याचं पत्र आलं होतं. गाडीत माझ्या पायाशी मिरचीचं पोतं. उमरेड येईपर्यंत शिंकून बेजार झालो.

वसंतानं जीपमधून आधी खाण दाखवली. पायऱ्यापायऱ्यांनी खोल गेलेला खड्डा, तळाशी काळा थर, त्यावर मुंग्यांएवढे डंपर. गाव कुठं होतं, असं विचारल्यावर त्यानं समोर हवेत बोट दाखवलं.

खानावळीत वांग्याच्या रश्शावर बोटभर तर्री (तिखटाचा लाल तवंग) होती. डोळे पुसतच वसाहतीत शिरलो.

वसाहत नेटकी होती. सरळ रांगा, नळ, शाळा. वसंता मला सोनबाजी या म्हाताऱ्या विणकराच्या घरी घेऊन गेला. सोनबाजींना खाणीच्या गेस्ट हाऊसवर माळ्याची नोकरी मिळाली होती. त्यांनी आम्हांला खाटेवर बसवलं, बायकोला चहा सांगितला. चहा छान होता. पितापिता मी घराबद्दल चार बरे शब्द बोललो. कप खाली ठेवल्यावर विचारलं, विणकाम चालू आहे ना?

सोनबाजींनी आधी वसंताकडं बघितलं. मग म्हणाले, "माग खड्ड्यात बसते, साहेब. पाय खाली सोडून विणा लागते. इथं सिमेंटची फरशी. मी खोदली, तर सुपरवायझरनं बुजवून टाकली."

फरशी फोडायची नाही असा नियम आहे, वसंता हळूच म्हणाला.

"तुम्ही एवढा मोठा खड्डा केला," सोनबाजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मले दोन हातांचा पुरे होता."

माग कुठं आहे, मी विचारलं. उत्तर त्यांच्या बायकोनं दिलं, चुलीपाशी बसल्या बसल्या. "जंगल खाणीत गेलं, भाऊ. कोळशाचा खडा उचलला तर चौकीदार धरते. सरपण आणावं कुठून?"

मी उठून चुलीकडं गेलो. हातांनी गुळगुळीत झालेली एक सागवानी दांडी अर्धी जळली होती. तिच्याशेजारी विणताना सूत फिरवायचा धोटा पडला होता, बहुधा संध्याकाळच्या भाकरीसाठी.

स्टँडवर वसंतानं वरिष्ठांना लिहायचं कबूल केलं. त्यानं लिहिलंही. महिनाभरानं कळवलं की विणकरांसाठी शेड मंजूर झाली आहे. सोनबाजींकडे मात्र आता माग नाही.

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात वसंतावर खूप चिडलो. पण तो वाईट माणूस नव्हता. घर, नळ, शाळा, नोकरी, सगळं खाणीच्या लोकांनी दिलं होतं. फक्त देण्याआधी सोनबाजींना कुणी काही विचारलं नव्हतं. मीही विचारलं, ते चहा संपल्यावर.